चित्र, डिझाइन की वर्कशॉप? दोन वर्षांपूर्वीचा माझा सल्ला मी मागे घेते



या आठवड्याचा व्हिडिओ बारा मिनिटांचा आहे आणि त्यात मी फक्त आकडे सांगितलेत. त्या आकड्यांमागची गोष्ट तिथे बसत नव्हती, म्हणून इथे निवांत लिहिते. सुरुवातीलाच सांगून टाकते, यात चूक माझी आहे. ट्रेनर लोक स्वतःच्या चुकीवर सहसा बोलत नाहीत, पण ही चूक मला महाग पडली नाही, दुसऱ्या कुणाला तरी पडली. त्यामुळे बोलायलाच हवं.

जुन्या प्रेक्षकांना आठवत असेल, दोन वर्षांपूर्वी मी 'एकच काम धरा' असा एक व्हिडिओ केला होता. तीन-चार कामं करणारा माणूस सगळ्यातच कच्चा राहतो, जे काम तासाला जास्त पैसे देतं ते वाढवा आणि बाकीचं रविवारसाठी ठेवा, असं मी त्यात ठणकावून सांगितलं होतं. बेकरीवाले, टेलरिंगवाले, मसालेवाले अशा बऱ्याच जणांना तो उपयोगी पडला. तसे मेसेज आले तेव्हा मी खूश होते.

तो व्हिडिओ एका चित्रकार ताईनंही मनावर घेतला होता, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

परत आलेला कॅनव्हास

नवीन वाचकांसाठी थोडं सांगते. कोल्हापुरात राजारामपुरीत आमचं दुकान आहे, रंगसाहित्य आणि फ्रेमिंगचं. सासऱ्यांनी सुरू केलं, बीबीए करून लग्न होऊन आले आणि गेली अकरा वर्षं गल्ल्यावर मीच बसते. आमच्या धंद्यात एक गंमत आहे. गिऱ्हाईक काय घेतंय यावरून त्याचं काय चाललंय ते कळतं. कुणी अचानक चारकोल आणि मोठे कागद न्यायला लागला की समजायचं, परीक्षा आली. कुणी एकदम सोनेरी फ्रेमा करायला टाकल्या की प्रदर्शन ठरलं.

ही ताई आमच्याकडे आठ-नऊ वर्षं येते. आधी ऑइल कलरच्या ट्यूब, जवसाचं तेल, तीन फूट बाय चार फूटचे कॅनव्हास न्यायची. मग हळूहळू यादी बदलली. आठ बाय आठचे छोटे कॅनव्हास बोर्ड, तीसच्या हिशेबात. अ‍ॅक्रिलिकचे स्वस्त सेट, तेही तीसच्या हिशेबात. मोठा कॅनव्हास बंदच झाला. मी उलट मनात म्हटलं, वा, ताईचे वर्कशॉप जोरात दिसतायत. दुकानदाराच्या नजरेनं बघितलं तर बिल वाढलंच होतं.

गेल्या वर्षी जूनमध्ये, धो धो पाऊस, ती रिक्षातून एक मोठा कॅनव्हास घेऊन आली. वरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं.

"हा परत घेशील का गं?"

"ताई, काय झालं? फाटलाय का?"

"नाही गं. दीड वर्षं भिंतीला टेकून आहे. घरात जागा खातोय नुसता. पैसे नको देऊस, वर्कशॉपचं सामान दे त्यात."

मी म्हटलं, "पण चित्र?"

तर ती सहज म्हणाली, "अगं, तूच तर सांगितलंस ना व्हिडिओत. तासाचा हिशेब काढा म्हणून. मी काढला. चित्र परवडत नाही."

ती टोमणा मारत नव्हती, आणि त्यामुळेच मला जास्त लागलं.

आधी तिचा हिशेब बघू

दुकानात त्या दिवशी गर्दी नव्हती. आम्ही आत बसलो, चहा मागवला आणि तिची वही उघडली. तिच्या परवानगीनं आकडे देतेय, थोडे गोल करून.

चित्र बंद करायच्या आधीच्या वर्षाचा महिन्याचा सरासरी हिशेब असा होता:

- डिझाइन (पॅकिंग, लोगो, लेबल, पत्रिका): महिन्याला साधारण तीन कामं, मिळकत २४,००० रुपये, वेळ ७५ तास. म्हणजे तासाला ३२०.
- वर्कशॉप: महिन्याला दोन, प्रत्येकी १५ जण, ७०० रुपये फी. एका वर्कशॉपचे १०,५०० जमा. त्यातून सामान ३,०००, हॉल १,५००, चहा-रिक्षा ५००. उरले ५,५००. दोनचे ११,०००. शिकवायचे तास तीनच, पण खरेदी, तयारी, फोन, सामान वाहणं, आवरणं धरून एका वर्कशॉपला १४ तास. तासाला साधारण ३९०.
- चित्र: वर्षभरात पाच विकली, ९०,००० आले. कॅनव्हास, रंग, फ्रेम, हॉलचं भाडं असा खर्च ४२,०००. उरले ४८,०००, म्हणजे महिन्याला ४,०००. वेळ महिन्याला ३० तास. तासाला १३३.

एकूण महिन्याला ३९,०००, आणि १३३ तास.

आता माझा तो व्हिडिओ बघून हा हिशेब कुणीही केला असता तर उत्तर एकच येणार होतं. १३३ वाला तास बंद करा, ३९० वाला वाढवा. तिनं तेच केलं. चित्र थांबवलं आणि महिन्याला सहा वर्कशॉप सुरू केले.

पहिले चार महिने छान गेले. वर्कशॉपचे ३३,००० आणि डिझाइनचे २४,०००, म्हणजे ५७,०००. घरात मुलीची अकरावीची फी, आईची औषधं, सगळं वेळेवर. अशा वेळी कुणाला वाटेल की निर्णय चुकला?

पण दहाव्या महिन्यापर्यंत काय झालं बघा. पंधराची बॅच आठवर आली. हॉलचं भाडं तेच, चहा-रिक्षा तेवढीच, त्यामुळे एका वर्कशॉपमागे ५,५०० च्या जागी २,००० उरायला लागले. सहाचे चार वर्कशॉप झाले. आणि डिझाइन, ज्याला तिनं हातही लावला नव्हता, तेसुद्धा १८,००० वर आलं. एकूण २६,०००. चित्र काढत होती तेव्हापेक्षा तेरा हजार कमी, आणि थकवा दुप्पट.

तासाचा भाव कुठे चुकला

मी तिला म्हटलं, ताई फोन काढ. गेल्या तीन वर्षांत जेवढी नवीन डिझाइनची गिऱ्हाइकं आली त्यांचा पहिला मेसेज बघू. बत्तीस गिऱ्हाइकं सापडली. त्यातल्या एकोणीस जणांच्या पहिल्या मेसेजमध्ये किंवा पहिल्या फोनमध्ये तिच्या चित्राचा विषय होता. चंदगडकडच्या एका काजूवाल्यानं दाताच्या दवाखान्यात तिचं चित्र बघितलं होतं आणि डॉक्टरांकडून नंबर घेतला होता. एका गुळवाल्याच्या सुनेनं शाहू स्मारकच्या कलादालनातलं प्रदर्शन बघितलं होतं. वर्कशॉपला येणाऱ्या बायकांचंही तेच. 'ताई काढतात तसं आपल्याला जमेल का' म्हणून त्या यायच्या.

नवीन चित्रंच नव्हती, मग दाखवायला काय होतं? मागच्याच चित्रांचे फोटो फिरून फिरून. वर्कशॉपमध्ये तोच मंडला, तीच सूर्यास्ताची झाडं. ज्या बाया एकदा येऊन गेल्या त्या म्हणाल्या, नवीन काही असेल तर सांगा. डिझाइनच्या गिऱ्हाइकांना ती आता चित्रकार वाटत नव्हती, फ्लेक्सवाल्याच्या शेजारी बसणाऱ्या ऑपरेटरसारखीच एक वाटायची. मग भावही त्याच्याशीच तोलला जाणार.

आमच्या दुकानात दर्शनी भागात, दिव्याखाली एक मोठी कोरीव फ्रेम लावलेली आहे. ती मी कधीच विकलेली नाही. सगळ्यात महाग जागा तिनं अडवलीय. हिशेबात ती तोट्यातच दिसेल. पण ती काढून तिथे प्लास्टिकच्या फ्रेमा टांगल्या तर आत येणारं गिऱ्हाईकच बदलेल. हे मला माझ्या दुकानात कळत होतं, आणि व्हिडिओ करताना मी विसरले. तिचा १३३ रुपयांचा तास बाकीच्या दोन कामांचं गिऱ्हाईकही आणत होता. ती जमा त्या खात्यावर कुणी धरलीच नव्हती.

मी हे सगळं फार उत्साहानं तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे आता चित्र काढायचं ते गिऱ्हाईक यावं म्हणून?"

खरं सांगते, माझ्याकडे उत्तर नव्हतं.

माझं आजचं मत

त्यावर मी बरेच दिवस विचार केला. माझं मत असं झालंय की चित्र कशासाठी काढायचं हे ठरवणं ट्रेनरचं काम नाही. ते तिचं तिला माहीत. आमचं काम एवढंच, की तिच्या वहीत चित्रासाठी जागा राखून ठेवायची आणि ती जागा दुसऱ्या कामानं खाऊ नये हे बघायचं. दुकानाचं भाडं आपण 'परवडलं तर देऊ' असं म्हणत नाही. ते आधी बाजूला काढतो. चित्राचा वेळ आणि चित्राचा खर्च भाड्यासारखा धरायचा. गिऱ्हाईक येतं हा त्याचा फायदा आहे, कारण नाही.

आमच्या ट्रेनिंगच्या क्षेत्रात 'एकच काम धरा' हा मंत्र झालाय. तो सगळ्यांना लावू नका, हे आता मी म्हणते. बेकरी आणि टेलरिंग ही दोन वेगळी झाडं आहेत, एक तोडलं तर दुसऱ्याला फरक पडत नाही. चित्र, डिझाइन आणि शिकवणं हे एकाच झाडाचं आहे. मुळाला पाणी घालायचं थांबवलं तर पानं चार महिने हिरवी दिसतात, एवढंच. तिचे ते पहिले चार महिने तसेच होते.

दुसऱ्या बाजूनं एक मत कलावंत मंडळींकडून येतं, तेही मला पटत नाही. 'कमर्शियल काम केलं की हात बिघडतो', 'शिकवायला लागला की चित्रकार संपला'. अहो, आपल्या कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत होते, पुढे सिनेमा काढला, त्याची पोस्टर्सही केली, आणि त्यांच्या हाताखाली व्ही. शांताराम तयार झाले. दीनानाथ दलालांनी आयुष्यभर पुस्तकांची मुखपृष्ठं केली आणि १९४५ साली 'दीपावली' अंक सुरू करून तो चालवलाही. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवायचे. प्रभाकर बरवे विणकर सेवा केंद्रात वर्षानुवर्षं कापडाच्या डिझाइनचं काम करत होते, आणि त्यांचं चित्र त्यांचंच राहिलं. जे. जे. मध्ये शिकवणारे पळशीकर आणि धोंड स्वतः चित्रकार होतेच की. पोटासाठी दुसरं काम करणं ही आपल्याकडची जुनी, सरळ रीत आहे. त्यात कमीपणा काही नाही.

मग प्रश्न उरतो तो रोजच्या व्यवहाराचा. ताईबरोबर बसून आम्ही जे बदललं ते इथे देते.

१. दिवसाचं नाही, वर्षाचं वेळापत्रक करा

सकाळी चित्र, दुपारी डिझाइन, संध्याकाळी क्लास असं वेळापत्रक कागदावर फार सुंदर दिसतं. चालत नाही. कारण मांडामांड. ऑइलचा पसारा काढायचा, पॅलेट लावायची, मग पुन्हा आवरून लॅपटॉप मांडायचा, यातच तास जातो.

त्यापेक्षा वर्षाकडे बघा. आपल्या भागात वर्कशॉपचा खरा मोसम मे महिना, आणि मग दिवाळीच्या आधी पणत्या-कंदिलांचे आठ-दहा दिवस. डिझाइनचा मोसम ऑगस्ट-सप्टेंबर, कारण दसरा-दिवाळीचे बॉक्स आणि पाकिटं तेव्हा छपाईला जातात. लगीनसराईत पत्रिका. मग जून-जुलै आणि दिवाळीनंतरचे सहा आठवडे मोकळे सापडतात. ते चित्राचे. (पावसाळ्यात ऑइल वाळायला वेळ लागतो आणि कागद दमट होतो, हे मला तिनंच सांगितलं. म्हणून जून-जुलैत ती आता स्केच आणि छोटी कामं करते, मोठा कॅनव्हास दिवाळीनंतर.)

मोसमाच्या गर्दीतसुद्धा आठवड्यातल्या दोन सकाळी चित्राच्या. फोन दुसऱ्या खोलीत. आणि घरात एक कोपरा असा, जिथलं सामान आवरायचं नाही. चार बाय चारचा का असेना. माझ्या मते वेळेपेक्षाही हा कोपरा महत्त्वाचा.

२. डिझाइन: तोंडी काही नको

तिचे ७५ तास कुठे जात होते माहितीये? मूळ काम ४५ तासांत व्हायचं. उरलेले ३० तास 'ताई, जरा लाल करून बघा', 'मिस्टरांना दाखवलं, ते म्हणतायत लोगो मोठा पाहिजे' यात. आता कोटेशनवर चार ओळी असतात: अर्धा अ‍ॅडव्हान्स, दोन करेक्शन फुकट, तिसऱ्यापासून प्रत्येकी पैसे, पूर्ण पैसे आल्यावर फायनल फाइल. ओपन फाइल पाहिजे असेल तर तिचा भाव वेगळा. दोन गिऱ्हाइकं सुटली. बाकीच्यांनी काही न बोलता मान्य केलं.

हक्कांचंही बघा, कारण इथे भले भले फसतात. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, कुणी पैसे देऊन तुमच्याकडून पेंटिंग किंवा पोर्ट्रेट करून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक ते काम सांगणारा असतो, तुम्ही नाही. म्हणजे हॉटेलवाल्यानं सांगून काढून घेतलेल्या चित्राचे प्रिंट तुम्हाला विकायचे असतील, तर ते आधीच लेखी ठरवा. आपल्या मनानं काढलेलं चित्र विकलं तर कॅनव्हास जातो, कॉपीराइट तुमच्याकडेच राहतो. आणि हक्क द्यायचा झाला तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, कुठल्या भागासाठी ते लिहिलं नसेल तर भारतापुरता धरतो. मोठं काम असेल तर एकदा वकिलाला दाखवा. त्याची फी नंतरच्या भांडणापेक्षा स्वस्त पडते.

उधारीचं म्हणाल तर उद्यम नोंदणी करून टाका. ऑनलाइन आहे, फुकट आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून तुमची नोंद असेल तर करार असला तरी ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे देणं समोरच्यावर कायद्यानं बंधनकारक आहे, उशीर झाला तर व्याजासकट. एका कंपनीकडे ताईचे सात महिने अडकलेले पैसे होते. बिलावर उद्यम क्रमांक टाकून एक सभ्य आठवण पाठवली, तीन आठवड्यांत आले. दर वेळी असं होईल असं नाही, पण मागायला तोंड तरी मिळतं.

३. वर्कशॉप: माणसं कमी, भेटी जास्त

एक दिवसाच्या वर्कशॉपचं दुखणं असं की प्रत्येक वेळी नवीन पंधरा जण शोधावे लागतात. शोधण्याचा तो वेळ कुणी मोजत नाही. आम्ही एक बदल केला. महिन्याला एक दिवसाचे दोनच, आणि वर्षातून तीन वेळा दहा जणांची चार रविवारांची बॅच. दहा माणसं एकदाच शोधायची, सामान एकदाच आणायचं. शिकणाऱ्यालाही चौथ्या रविवारी खरंच काही येतं. एका दिवसात घरी न्यायला वस्तू मिळते, हात तयार होत नाही.

अजून एक. पैसे भरल्यावरच नाव पक्कं. 'येते हं नक्की' वर सामान आणू नका. आमच्याकडे पडून राहिलेले सेट परत घ्यायला येणाऱ्यांची संख्या बघितली असती तर तुम्ही आजच नियम केला असता.

आणि जे चित्र सध्या चालू आहे ते शिकवू नका, हे ताईचं म्हणणं, मला पटलं. जे पचलंय ते शिकवायचं. जे अजून आपल्यालाच सापडलेलं नाही ते पंधरा जणांपुढे मांडलं की ते तिथेच संपतं.

४. गल्ले तीन, खातं चौथं

तिन्ही कामांची जमा-खर्चाची पानं वेगळी. शिवाय बँकेत एक वेगळं खातं, आम्ही त्याला रंगपेटी म्हणतो. डिझाइन आणि वर्कशॉपच्या प्रत्येक जमेतले दहा टक्के आधी तिथे. रंग, कॅनव्हास, फ्रेम, प्रदर्शनाचं भाडं तिथूनच. चित्र विकलं तर त्याचेही पैसे तिथेच. त्या खात्यातून घरखर्चाला हात लावायचा नाही, आणि चित्रासाठी घरखर्चाला हात लावायचा नाही. दुसरं वाक्य घरच्यांसाठी महत्त्वाचं आहे. अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

टॅक्सच्या दृष्टीनं मात्र तिन्ही गल्ले एकाच पॅनवर. कंपनीनं टीडीएस कापला असेल तर रिटर्न भरल्याशिवाय तो परत येत नाही. जीएसटीची मर्यादा सेवा देणाऱ्यांसाठी वर्षाला २० लाख उलाढाल आहे, आणि ती मोजताना तिन्ही कामं एकत्र धरली जातात. तिथपर्यंत पोचलात तर आधी पेढे आणा, मग सीएकडे जा.

५. चित्राचा भाव डिझाइनच्या गिऱ्हाइकासमोर पाडू नका

'पॅकिंगचं काम तुम्हालाच देतो, ते चित्र तेवढं भेट द्या.' हे वाक्य किती कलाकारांनी ऐकलंय, हात वर करा. द्यायचंच असेल तर प्रिंट द्या. चित्राचे भाव आकाराप्रमाणे एकदा ठरवून यादीत लिहून ठेवा. पाहुण्याला, मित्राला, गिऱ्हाइकाला, सगळ्यांना तीच यादी दाखवा. एकाला अठरा हजार आणि त्याच्या मेव्हण्याला पाच हजार सांगितले तर कोल्हापुरात ते दुपारपर्यंत सगळ्यांना कळतं.

मोबाइलवर लोगो फुकट मिळतोय, त्याचं काय?

हा प्रश्न हल्ली दर बॅचमध्ये येतो. एआयनं दोन मिनिटांत दहा लोगो दिले, आता डिझायनरचं काय? माझं उत्तर सरळ आहे. जे काम दोन मिनिटांत होतंय त्याचा भाव पडणारच, त्याच्यामागे धावू नका. पण त्या काजूवाल्यानं ताईला का बोलावलं? त्याला चंदगडच्या डोंगराचा तो विशिष्ट पावसाळी हिरवा पाहिजे होता, जो त्यानं दवाखान्यातल्या चित्रात बघितला होता. तो रंग तिला तीन वर्षं चित्रं काढून सापडलाय. म्हणजे उद्याच्या बाजारात तिचं डिझाइन टिकणार असेल तर ते चित्रामुळेच. 'एकच काम धरा' म्हणून मी तिला नेमकं तेच सोडायला लावलं होतं.

हे सगळ्यांना लागू आहे का?

नाही. डोक्यावर कर्जाचे हप्ते थकलेत, घरात आजारपण आहे, अशा वेळी आधी पैसे आणा. वर्षभर चित्र मागे राहिलं तर कुणी तुम्हाला दोष देणार नाही. फक्त पूर्ण बंद करू नका. आठवड्यातली एक सकाळ, एक वही, एक पेन्सिल एवढं तरी चालू ठेवा. दुकान महिनाभर बंद राहिलं तरी शटर पुन्हा उघडता येतं. जागाच सोडली तर परत मिळत नाही.

ताईचं पुढे काय झालं

तो कॅनव्हास मी परत घेतला नाही. पैसेही दिले नाहीत. म्हटलं, दिवाळीनंतर बघू, आत्ता घरी ने. ती वैतागली, रिक्षाचे पैसे फुकट गेले म्हणाली.

आज दहा महिने झाले. डिझाइनची महिन्याला दोनच कामं, पण प्रत्येकी १४,००० च्या आसपास. वर्कशॉप आणि बॅचचे मिळून सरासरी १३,०००. म्हणजे चित्र सोडून ४१,०००. पूर्वी तिन्ही मिळून ३९,००० होते. दोन हजारांनी वाढले, बस. थंबनेलवर लिहिण्यासारखा आकडा नाही हा, मला माहीत आहे. या दहा महिन्यांत चित्र एकच विकलं गेलंय, रंगपेटी खात्यात प्रदर्शनाच्या भाड्याचे अर्धेच पैसे जमलेत. मुलीच्या बारावीनंतरच्या खर्चाची काळजी आहे तशीच आहे.

पण परवा ती दुकानात आली. यादीत छोटे बोर्ड होते, आणि खाली वेगळ्या ओळीत लिहिलं होतं: टायटॅनियम व्हाइट, मोठी ट्यूब, दोन. मोठा पांढरा छोट्या कामाला लागत नाही, हे अकरा वर्षं गल्ल्यावर बसून मला कळतं. मी काही विचारलं नाही. बिल केलं, पिशवीत भरून दिलं.

या आठवड्याचा गृहपाठ

तुम्ही चित्रकार नसाल तरी हा करा. गाण्याचा क्लास आणि कार्यक्रम, शिवणकाम आणि भरतकाम, फोटोग्राफी आणि लग्नाच्या ऑर्डरी, सगळ्यांना लागू आहे.

- तुमच्या शेवटच्या वीस गिऱ्हाइकांचा पहिला मेसेज शोधा. ती नेमकी काय बघून आली ते लिहा.
- प्रत्येक कामाचे खरे तास लिहा, फोन आणि आवराआवर धरून.
- मग तासाचा भाव काढा. आणि ज्या कामाचा भाव सगळ्यात कमी आलाय, ते बंद करण्याआधी एकदा पहिल्या यादीकडे बघा.

जुना व्हिडिओ मी काढून टाकलेला नाही. त्याच्या खाली या लेखाची आणि नवीन व्हिडिओची लिंक टाकली आहे. चूक लपवली तर पुढच्या कुणाला तरी ती पुन्हा होईल. आणि तुमच्यापैकी कुणी माझं ऐकून असंच काही सोडलं असेल, तर मला कमेंटमध्ये जरूर लिहा. रागावून लिहिलंत तरी चालेल.

भेटू पुढच्या रविवारी. विषय आहे उधारीची वही, आणि तो मला अगदी जवळचा आहे!